बिल्ला पांढरा आहे

६ नोव्हेंबर, गुरुवार

दूध करपलं. परत. मी ओट्याजवळच खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेली. भावजय सुलभा मागच्या गल्लीतून पदर नाकाला लावून धावत आली. "अवो आक्का, घर पेटलं का काय! तुमाला वास येऊन न्हाई राहिला का?" म्हटलं, सर्दी झालीय.

सर्दी कशाची! ऑगस्टातला ताप गेला तो नाक घेऊनच गेला बहुतेक. सुलभा गेल्यावर कापराची डबी उघडून नाक आत घातलं. नुसतं थंड लागलं. वास नाही. धाकट्या भावाच्या, विशूच्या पूजेच्या दुकानातला भीमसेनी कापूर, देवळासमोरून जाणाऱ्याला मान वळवायला लावतो, आणि मला काही नाही.

सगळी नोकरी वासावर काढली मी. वासावर म्हणजे वासाच्या आधी. पहिल्या दिवशीच आमचे साहेब राव सर, त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं, वास आला म्हणजे उशीर झाला. आता तर येतच नाही. हसू आलं. मग भांडं घासायला घेतलं, ते काही निघेना.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

जानू येतेय रविवारी! जान्हवी, विशूची एकुलती लेक. दिवाळीला सुट्टी मिळाली नव्हती बिचारीला.

समुद्राकाठच्या ज्या अवकाश केंद्रात मी केस पांढरे केले, तिथंच आहे ती. माझ्याच खोलीत बसते. उपग्रहात भरायचं इंधन विषारी असतं, त्याची वाफ कणभर जरी हवेत आली तरी सांगणारे सेन्सर तपासते. मी निवृत्त होऊन गावी औंढ्याला आले आणि मागोमाग ही तिकडं गेली. विशू अजून ऐकवतो, "तूच नादी लावलं लेकराला." लावलं तर लावलं. बेलाची पानं निवडत बसली असती का जन्मभर?

फोनवर आवाज नेहमीचा नव्हता. "आत्या, एक विचारायचंय. आल्यावर." कशाबद्दल असेल...

९ नोव्हेंबर, रविवार

आली. वाळलीय. आल्या आल्या माझ्याकडं, पोटात दोन घास न घालता.

तर हे आहे. इंधन भरणीच्या गटात तिचं नाव निघालंय. आतापर्यंत प्रयोगशाळेत होती, आता प्रत्यक्ष आत जायचं. बंद सूट, डोक्यावर टोप, हवा नळीतून, आणि समोर उपग्रहाच्या टाकीत इंधन चढतंय. डिसेंबरात शिकवणी, जानेवारीत पहिली भरणी. महिनाअखेरीस हो की नाही कळवायचं. डोळे कसे चमकत होते पोरीचे.

संध्याकाळी विशूकडे जेवायला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, ताक प्याला, मग म्हणाला, "आक्का हो म्हनली तर जा. न्हाई म्हनली तर न्हाई. मला देवाच्या पूजेपल्याड काय कळतं?" सुलभा भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

म्हणजे सगळं माझ्या डोक्यावर. वा रे विशू.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मी कधी सूट घातला नाही. आमच्या वेळी बायकांना आत सोडत नसत. मी बाहेरच्या खोलीत सेन्सरच्या आकड्यांसमोर. भरणी उरकली, माणसं बाहेर आली की मग हवा तपासायला आत. किती वेळा मागितलं होतं! राव सर म्हणायचे, "तू नंतर जा, तुझं काम नंतरचं." राग यायचा. अजून येतो.

तेव्हा हे जानूला हो म्हणणं म्हणजे माझीच जुनी हौस तर नाही ना? हे नीट बघायला पाहिजे.

दुपारी तिला जुन्या गोष्टी सांगितल्या. खांद्याशी लावायचे बिल्ले आम्ही हातानं करायचो. पांढरा कागद, तो व्हॅनिलाच्या अर्कात भिजवायचा, सुकवायचा, कापून बिल्ल्यात घालायचा. इंधनाची वाफ लागली की कागद पिवळा पडणार. सगळी खोली व्हॅनिलानं घमघमायची. लोक आमच्याकडं डोकावून विचारायचे, आज कुठलं आईस्क्रीम आहे? जगातलं एवढं जहरी काम आणि वास लहान लेकरांच्या वाढदिवसाचा. घरी आले तरी केसांना तोच वास. आता नुसता आठवायचा.

आणि जोडीदार. नियम असा की आपला बिल्ला आपण वाचायचा नाही, जोडीदारानं वाचायचा. आपल्याला आपला कागद पांढराच दिसतो, दिसायला हवा असतो ना. माझी जोडीदार सीता. ती माझ्या खांद्याशी वाकून बघायची आणि म्हणायची, "तेल्लगा उंदी." पांढरा आहे. मग मी तिचा बघायचे. जानू म्हणाली, अजून तसंच आहे.

ज्या दिवशी भरणी असेल त्या दिवशी घरी, वडिलांना फोन करायचे. बसस्टँडजवळच्या फोनवाल्याकडं अण्णा संध्याकाळची आरती उरकून येऊन थांबायचे. बोलायला काही नसायचं आणि मिनिटं पळायची. मी म्हणायचे, "अण्णा, पांढरं." ते म्हणायचे, "पांढरंच ना?" "व्हय." संपला फोन. घरी जाऊन आईला सांगायचे, पांढरं आलं. त्यांना त्याचा अर्थ कधी कळला होता की नाही, देव जाणे. विचारायचं राहून गेलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जानू विचारते, "आत्या, शिकवणीत विचारतात गं, वास कसा असतो. पुस्तकात लिहिलंय माशासारखा. आपल्या घरात मासा बघितलाय कुणी?"

खो खो हसले. माझीच गत! देवळातलं घर, अंड्याचं कवच दारात पडलं तर आई अंगण सारवायची. नोकरीच्या पहिल्या महिन्यात सगळ्यांनी माझ्याकडून घोकून घेतलेलं, माशासारखा वास आला की विचार करायचा नाही, बटण दाबायचं. एक दिवस दुपारी आला. काहीतरी कुजकट, उग्र, जन्मात न घेतलेला वास. दाबलं बटण! भोंगा वाजला, सगळी इमारत रिकामी, बडे साहेब उन्हात उभे, अग्निशामक गाडी आली. निघालं काय? सीताच्या डब्यातली सुकी मासळी. तिनं नुकतं झाकण उघडलं होतं. पोरगी उपाशी राहिली त्या दिवशी, डबा पुरावा म्हणून नेला ना!

मला वाटलं नोकरी गेली. राव सरांनी दुसऱ्या दिवशी पेढे वाटले. म्हणाले, फुकट भोंगा वाजला तर मला चालतं, वाजायला हवा तेव्हा गप्प राहिला तर चालत नाही. आणि सीताला माझी जोडीदार केलं.

त्या सुट्टीत घरी आल्यावर गुपचूप सिद्धेश्वरला गेले होते, धरणावर, मासा हुंगायला. भोयांची कमळ होती तिथं मासे विकायला, माझ्याच वयाची. "वास घ्याया आल्या व्हय बाई? घ्या घ्या, वासाचे पैशे न्हाई!" किती हसली होती.

जानू म्हणते, चल, जाऊ या रविवारी. मी हो म्हणून बसले. तेव्हा नाकाचं डोक्यातच आलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

विशूची स्कूटी, जानू पुढं, मी मागं. ऊस, हळद, थंडगार वारा. पूर्णेचं पाणी दिसलं आणि जीव एकदम मागं गेला.

कमळ आहे अजून! दात गेलेत, आवाज तोच. विक्री आता सून करते. कमळनं आधी मला ओळखलं नाही, मग ओळखलं, मग सुनेला ओरडून सांगितलं, "अगं ह्या त्याच, मासा हुंगनाऱ्या बाई!" चहा पाजल्याशिवाय सोडेना.

जानूनं टोपलीवर वाकून श्वास घेतला आणि मागं सरली, डोळ्यांत पाणी. "अगं बाई गं!" मी बाजूला उभी राहून नाक मुरडलं, पदरानं झाकलं. नाटक. मला तलावाची हवा लागत होती फक्त. ओली, थंड.

मग कमळची चेष्टा. दोन मासे समोर धरले. "सांगा बाई, ताजा कोन्ता, कालचा कोन्ता? मागं बराबर वळखला व्हता तुमी." मी दोन्ही हुंगले. डावा म्हटलं. कमळ पोट धरून हसली. "डावा कालचा हाय!" सून हसली.

जानू हसली नाही.

परत येताना धरणाच्या भिंतीपाशी तिनं गाडी थांबवली. "आत्या, कधीपासून?" सांगितलं. ताप, कापूर, दूध. ती पाण्याकडं बघत राहिली. मग विचारलं, "तिथल्यामुळं गेलं का?"

हाच प्रश्न मी स्वतःला विचारत नव्हते. म्हटलं, "माहीत नाही."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हिंगोली. नाक-कान-घसावाले डॉक्टर. तरुण आहेत, मन लावून ऐकलं. आत बत्ती घालून बघितलं, वेगवेगळ्या बाटल्या हुंगायला दिल्या. एकीतलंही कळलं नाही मला. वय असेल, तो ताप असेल, जुनी नोकरीही असू शकते. "आजी, खरं सांगू का, कशामुळं ते ठरवता येणार नाही." परत येईल का? "येतोही कधी कधी. सकाळ-संध्याकाळ ओळखीचे वास हुंगत राहा." आजी म्हणाले! ठीक आहे, आहेच मी त्या वयाची.

ओळखीचे वास. लवंग, कॉफी, लिंबाची साल. व्हॅनिला कुठून आणू? जुना बिल्ला ट्रंकेत असेल एखादा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सीताला फोन केला, ती मुलाकडं हैदराबादला असते. सरळ विचारलं, तुझं नाक कसं आहे. "मेरा नाक? एकदम पोलीस का कुत्ता! ऊपरवाली के घर में क्या पका, मैं यहाँ से बता दूँ!" आणि मग वरच्या बाईच्या स्वयंपाकाची निंदा, पंधरा मिनिटं. माझ्याइतकीच ती आत-बाहेर होती. बिल्ला मीच वाचायचे तिचा.

माझे सगळे पांढरे निघाले. सगळे. सीतानं कधी खोटं सांगितलं असेल असं मनात आलं आणि माझा मलाच राग आला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तिला बोलायला हवं होतं ते बोललेच नाही, की तुझी आठवण येते.

तर कळलं काय? काहीच नाही. तिचं शाबूत, माझं गेलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

जानूशी भांडण. ती म्हणते, "बाबांना नाकाचं सांगू नको. सांगितलंस की संपलं. तसंही तापानंच गेलं असणार." मी म्हटलं, तू सेन्सर तपासतेस ना? भोंगा वाजला आणि आपल्याला नकोसा असला, तर तार काढून ठेवतेस का? रडली मग. मला वाईट वाटलं, पण शब्द मागं घेतला नाही.

उद्या सांगणार. मला भीती वाटतेय. विशूची नाही, तो बिचारा काय करणार. तिचं राहून जाईल याची. आणि ती गेली तर काही होईल याचीही. दोन्ही भीती खऱ्या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं. दुकान बंद करून विशू आला, पायरीवर बसला, मी सगळं सांगितलं, डॉक्टर, सीता, काही न वगळता. शेवटी म्हटलं, "कशानं गेलं मला माहीत नाही. तरी मला विचारशील तर मला वाटतं तिनं जावं. आता सूटमध्ये आपली हवा आपल्याबरोबर असते. आमच्या वेळी नाकाला कळायच्या कितीतरी आधी सेन्सर सांगायचा, आता त्याच्याही आधी सांगतो. आणि तिला जायचंय, विशू."

तो पायरीवरून उठला. मग, "तुजं नाक गेलं, आन वरून म्हनतीस जाऊ दे? काहून आक्का? तुला लेकरू न्हाई म्हनून?"

असं बोलला. लहानपणी याला कडेवर घेऊन मी देवळाला फेऱ्या घातल्यात.

मी म्हटलं, "चालता हो." गेला. सुलभा दारात उभी होती, तिनं पदर तोंडात धरला आणि त्याच्या मागं गेली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

जानू गेली. जाण्याआधी हिंगोलीहून आणलेला गॅसचा भोंगा माझ्या स्वयंपाकघरात बसवून गेली. वायरमन म्हणत होता, वर लावू, बरा दिसतो. ती म्हणाली, स्वयंपाकाचा गॅस जड असतो, खाली साचतो, तिथंच लावा. माझ्याकडं बघून हसली. हो गं बाई, माझीच विद्या.

"बाबा हो म्हणाले नाहीत तर मी नाही देणार नाव, आत्या. भांडून नाही जाणार." जीपमध्ये बसताना म्हणाली. शहाणी. मी असते तर भांडून गेले असते. गेलेच होते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

विशू फिरकला नाही. दूध सुलभा आणून देते आणि ते तापून वर येईपर्यंत समोर उभी राहते. आज म्हणाली, "ते बी जेवत न्हाईत नीट. बोलले ते बोलले, आता त्यांनाच खाऊन राहिलं." मी म्हटलं, खाऊ दे.

लवंग हुंगली. कॉफी हुंगली. नाही. ट्रंकेत बिल्ला सापडला, प्लास्टिकच्या पाकिटात बंद. पाकीट फोडावंसं वाटलं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

अक्षर बघा कसं आलंय.

सकाळी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. आत भोंगा वाजायला लागला. आधी वाटलं कुकर. मग कळलं. आत आले, काही नाही, सगळं नेहमीसारखं, स्वच्छ हवा. माझ्या नाकाला तरी. पण सवय ती सवय. दिव्याच्या बटणाला हात लावला नाही, पंख्याच्या नाही. श्वास धरून खाली वाकले, रेग्युलेटर बंद केला, दार, खिडकी, मागचं दार उघडलं.

तेवढ्यात विशू. देवळातून घरी चालला होता, सोवळ्यातच, रस्त्यावरून भोंगा ऐकला. अंगणात पाय टाकला आणि ओरडला, "आक्का, भाईर ये! घर भरलंय गॅसनं!" हाताला धरून ओढत बाहेर काढलं मला.

नळी तडकली होती, शेगडीमागं. मला दिसायची नाही ती कधी. थोड्या वेळानं मी चहा टाकायला गेले असते. रोजची वेळ.

दोघंही पायरीवर बसलो. विशूनं आत भोंग्याकडं बोट केलं. म्हणाला, "मला अंगनात आल्यावर वास आला. त्याला आदी आला." भोंग्याबद्दल. मग, "मी त्या दिवशी वंगाळ बोललो." मी म्हटलं, व्हय, बोललास. त्यानं डोळे पुसले उपरण्यानं. मीही.

मग माझ्यासमोरच जानूला फोन लावला. वाटलं, जा म्हणेल, आशीर्वाद देईल, दोन शब्द बोलेल. हा म्हणतो, "जानू? ते तिकडं आत जाशील तवा थंडी वाजती का? स्वेटर ने." आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडं पोरगी हसून राहिली का रडून राहिली, कळेना. समुद्राकाठी स्वेटर!

८ डिसेंबर, सोमवार

शिकवणी सुरू. फोटो पाठवलाय, पांढऱ्या सुटात, टोप काखेत. सुलभा म्हणते, "लेकरू ओळखू बी येऊन न्हाई राहिलं." मला मात्र लगेच ओळखू आलं. खूप बघितला तो फोटो. हेवा वाटला, सांगते. गोड हेवा, पण हेवाच.

नवी नळी बसली. आणि विशूनं नवंच खूळ काढलंय. जानूनं त्याला फोनवर सांगितलं की तिथं रोज सकाळी सेन्सरला थोडी वाफ देऊन बघतात, जागा आहे ना. आमचीही पहिली कामगिरी तीच असायची. झालं! हा रोज काकडा आटोपून येतो, लायटरमधला गॅस न पेटवता भोंग्यापाशी सोडतो. भोंगा किंचाळतो. "जागा हाय," म्हणतो आणि जातो. लायटर घेताना पानवाल्यानं विचारलं म्हणे, महाराज, बिडी सुरू केली काय? त्यालाही सांगितलं यानं, आमच्या घरी एक नवा देव बसलाय, त्याला उठवायला लागतं.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी क्षणभर काहीतरी आलं. नाकात की डोक्यात, कळलं नाही. गोड? ओलं? ओळख पटायच्या आत गेलं. दिवसभर कोपरे हुंगत फिरले वेड्यासारखी. सुलभाला सांगितलं नाही, उगाच नवस बोलायची.

१२ जानेवारी, सोमवार

उद्या भरणी. आता तिचा फोन लागणार नाही. आत जाताना बाहेर ठेवतात, सगळं उरकून, बिल्ले वाचून झाल्यावर परत. शेवटचं बोलणं: "आत्या, तू अण्णा-आजोबांना काय सांगायचीस ते माझ्या जोडीदाराला शिकवलंय. लावण्या नाव आहे तिचं. मराठी ठो येत नाही, पण एवढं येतं."

मी म्हटलं, नळीची जोडणी दोनदा बघ. "आत्या!" बरं बाई, राहिलं.

झोप लागेल असं वाटत नाही. हो म्हणणारी मी. काही झालं तर मी. हे लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणावर ढकलता येणार नाही.

१३ जानेवारी, मंगळवार. भोगी

विशू भोंगा उठवून गेलाच नाही. बसला. दुकान सुलभाच्या भावावर टाकलं म्हणे. सुलभा भोगीची भाजी आणि तीळ लावलेल्या भाकरी इथंच घेऊन आली. भाकरी तशाच झाकून राहिल्या. मी फोन ओट्यावर उपडा ठेवला, विशूनं तो सुलटा केला, मी परत उपडा केला.

दुपारी ट्रंकेतून बिल्ला काढला, रिकामे हात करायचे काय. पाकीट फोडलं. कागद कडेनं पिवळसर झालाय, वयानं. नाकाला लावला. काही नाही. विशूला दिला. त्यानं डोळे मिटून हुंगला, देवाचं तीर्थ घेतात तसा. "येतो गं वास. बारीक. त्या कस्टर्डसारका, तू एकदा करून खाऊ घातला व्हता, मी शाळेत असताना." मी म्हटलं, परत सांग. त्यानं परत हुंगलं, परत सांगितलं. मला तेवढ्यानं खोली दिसली, सीता दिसली, खिडकीतला समुद्र.

चार वाजून गेले. साडेचार. नाही.

दिवेलागणीला वाजला. अनोळखी नंबर, आवाजाचा निरोप. विशूनं बोट लावलं. पोरीचा आवाज, जानूचा नव्हे, मागं कुणी तरी बोलतंय, भांडी आपटल्यासारखा आवाज, आणि मग अगदी सावकाश, एकेक अक्षर सांभाळत: "जान्हवी. पांढरं."

सुलभानं कपाळ जमिनीला टेकलं. विशू फोन कानाला लावून बसला, परत लावला, परत. मग माझ्याकडं बघून, "पांढरंच ना, आक्का?"

अण्णांचा आवाज. तोच. मी म्हटलं, "व्हय."

जानूचा स्वतःचा फोन अजून नाही. तपासणीत असेल. परवा दुसऱ्या इंधनाची भरणी आहे, त्याची वाफ तांबडी असते आणि बिल्ला वेगळा. ते सगळं परत.

सुलभा भाकरी गरम करायला आत गेली. विशूनं तो जुना बिल्ला माझ्या खांद्याशी, पदरावर टाचला, वाकडातिकडा, आणि वाकून बघितला. "आन तुजा कोन बघायचं तिथं?"

"सीता होती."

"आता मी बघतो," म्हणाला. बघितला. "कडंला पिवळा हाय."

"जुना आहे रे तो. म्हातारा झालाय."

"असंल. तरी मी रोज बघनार." आणि भाकरी घेतली. परवा सकाळी काकडा लवकर उरकून येतो म्हणालाय.